दक्षिणेचा वारा-रस्ता

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाच्या रोमच्या प्रवासाचे जे वर्णन आहे, ते समुद्रकाठच्या धर्मग्रामात वाचले जाते तेव्हा श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर एक निराळीच जाण उमटते, असा आमचा अनुभव आहे. ‘सुंदर बंदर’ नावाच्या ठिकाणी हिवाळा काढावा की पुढच्या बंदरापर्यंत जाण्याचे धाडस करावे, यावर जहाजावर वाद झाला. पौलाचे कोणी ऐकले नाही, जहाज फुटले आणि दोनशे शहात्तर माणसे पोहत, फळ्या धरून माल्टाच्या किनाऱ्याला लागली. मालवणचा कोळी ही कथा ऐकतो आणि मनाशी म्हणतो, यात नवल ते काय? तांडेलाचे ऐकायचे की नाखवा-मालकाचे, हा वाद इथेही जुनाच आहे.

मात्र एक गोष्ट आमच्या लोकांना उलटी वाटते. भूमध्य समुद्रात हिवाळ्याने दर्या बंद होत असे. आपल्या कोकणात हिवाळा दर्या उघडतो. ज्येष्ठ-आषाढात होड्या माडांच्या सावलीत, झापांखाली झाकलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर पाणी हळूहळू निवळते आणि कार्तिक-मार्गशीर्षात वाऱ्यांचे वेळापत्रक असे काही बसते की, जुन्या माणसांना घड्याळाची गरज नसे. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. सकाळी उन्हे वर आली की तो मावळतो. मधले दोन-तीन तास शीड मेल्यासारखे लोंबते. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो आणि दिवस कलेपर्यंत टिकतो. दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी हा वायव्येचा वारा असतो. उत्तरेला परतणाऱ्याच्या तोंडावर. म्हणूनच जाणे सोपे आणि येणे कष्टाचे. येताना रात्रीचा मतलई गाठायचा, किनाऱ्याला धरून जेवढे जमेल तेवढे कापायचे आणि दुपारी कुठल्या तरी खाडीच्या आडोशाला नांगर टाकून बसायचे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत सुमारे १,१०० मैलांचा आतला जलमार्ग आहे, असे आमच्या धर्मग्रामातील जहाजावर नोकरीला असलेल्या एका तरुणाने सांगितले होते. थंडी पडू लागली की तिथली सुखवस्तू माणसे आपापल्या शिडाच्या नावा घेऊन त्या मार्गाने दक्षिणेला उबेत जातात म्हणे. आमच्याकडे ऊब शोधायला कोणी गेले नाही. आमचे पडाव आणि मचवे गेले ते भातासाठी, मिठासाठी आणि मंगळुरी कौलांसाठी. बासल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे कोकणातल्या कितीतरी घरांवरचे गवत जाऊन लाल कौले आली. ती कौले शिडांवर आली. एंजिने आली, रस्ते झाले, तसा हा व्यापार आटला. आमच्या बालपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मालवण बंदरात शीड दिसले की आम्ही मुले धावत जात असू. त्यावरूनच ते किती दुर्मिळ झाले होते, हे लक्षात यावे.

याच ऋतूचा आणखी एक प्रवासी वाचकांच्या परिचयाचा आहे. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, ते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. जवळजवळ पाच महिने त्यांनी इस्पितळात आणि रस्त्यांवर घंटा वाजवून मुलांना गोळा करण्यात घालवले आणि सप्टेंबरच्या अखेरीस दर्या उघडताच ते शिडाच्या जहाजाने दक्षिणेला, कन्याकुमारीकडच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांकडे निघाले. दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनला नेणाऱ्या नावेची वाट पाहत एका बेटावर त्यांनी देह ठेवला. वाऱ्याची आणि नावेची वाट पाहणे त्यांच्या आयुष्यात फार होते. चरित्रकार चमत्कारांवर पाने खर्च करतात. आम्हाला त्यांचे हे वाट पाहणे अधिक जवळचे वाटते.

त्यांच्या पवित्र देहाचे दहा वर्षांनी होणारे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात झाले. आमच्या धर्मग्रामाने बस ठरवली. नावे लिहून घेत असता ऐंशी वर्षांचे एक तांडेल काठी टेकत आले आणि म्हणाले, “फादर, बस सगळ्यांकच व्हरता. माका दर्यान जावचा हा.”

१९५२ च्या दर्शनाला त्यांची आई त्यांना पडावातून घेऊन गेली होती. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीज शिपायांनी कागद पाहिले, पडावातल्या बायका रोझरी म्हणत होत्या आणि आईने त्यांना उलटी होईल म्हणून आवळा चघळायला दिला होता, एवढे त्यांना आठवत होते. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांपुढे धुके होते. घरच्यांचा कडाडून विरोध होता आणि तो रास्तच होता. त्यांचा मुलगा आम्हाला येऊन म्हणाला, फादर, तुम्ही ‘नाही’ म्हणा, तुमचे ते ऐकतील.

येथे आम्ही थोडे थांबलो. धर्मगुरूचा ‘नाही’ हा गावात फार स्वस्तात मिळतो आणि फार महाग पडतो. म्हाताऱ्याला बुडण्याचे भय होते काय? नव्हते. मुलाला होते, आणि ते प्रेमाचे होते. दोघांचेही मन मोडू नये असा मार्ग शोधावा लागला. तांडेलांचा नातू पर्यटकांना एंजिनच्या बोटीतून फिरवतो. घरची उलांडीची होडी आणि तिचे शीड त्याने हौसेने सांभाळून ठेवले होते. ठरले असे : होडीने वेंगुर्ल्यापर्यंतच, गोव्याच्या हद्दीत नाही, दिवस शांत पाहून, नातू, एक जाणता खलाशी आणि आम्ही सोबत, आणि मुलाची एंजिनची बोट मागे अंतर ठेवून. वेंगुर्ल्याहून पुढे गाडी.

डिसेंबरातल्या एका पहाटे चारला आम्ही निघालो. पर्यटकांची नारिंगी जाकिटे चढवलेले आमचे ध्यान पाहून किनाऱ्यावरची मंडळी हसली. मतलई वारा गार आणि कोरडा होता, त्याला जमिनीवरच्या धुराचा वास होता. सिंधुदुर्ग किल्ल्याचा काळा आकार मागे पडला. तांडेल सुकाणूवर बसले. दिसत नसता सुकाणू कसे धरणार, हा प्रश्न आमच्या तोंडावर असावा, कारण ते आपणहून म्हणाले, “डोळे गेले म्हणान वारो गेलो नाय.” ते मानेच्या एका बाजूने वारा जोखत होते. खडपे कुठे आहेत हे नातू सांगे. पाण्याचा आवाज बदलला की ते त्याच्या आधीच सावध होत. देवबागच्या मुखाशी कर्ली नदीचे पाणी समुद्रात शिरते, तिथल्या लाटांचा ठेका त्यांनी नातवाला कान देऊन ऐकायला लावला. “हयसर मोजूक शिक,” एवढेच म्हणाले.

दहाच्या सुमारास वारा पडला. निवतीच्या अलीकडे आम्ही दोन तास जागच्या जागी डुलत होतो. मागच्या बोटीतून मुलाने दोर टाकू का म्हणून विचारले. तांडेलांनी ऐकले न ऐकलेसे केले. नातवाने परबाणाचा दोर सैल केला, पुन्हा आवळला, आणि आजोबांनी चूक दाखवली नाही, तेव्हा तो मनातून खूश झालेला दिसला. बारानंतर वायव्येचा वारा आला. तिरके शीड एकदम भरले, उलांडी पाण्यावर टेकली आणि होडीने अशी धाव घेतली की, आमच्या हातातली जपमाळ हातातच राहिली. उजवीकडे दूरवर वेंगुर्ला रॉक्सवरचा दीपस्तंभ आला तो नातवाने सांगितला. म्हाताऱ्याने त्या दिशेला तोंड केले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

चारपर्यंत आम्ही वेंगुर्ल्याला लागलो. दुसऱ्या दिवशी से कॅथेड्रलच्या रांगेत ते चार तास उभे राहिले. खुर्ची आणली तर तिच्यावर आम्हाला बसवले. संतांच्या पेटीपुढे त्यांना काय दिसले ते आम्ही विचारले नाही.

परतताना ते गाडीने मालवणला आले. होडी बोटीला बांधून ओढत न्यावी, असे मुलाचे म्हणणे होते. नातवाने मात्र तोंडावरच्या वाऱ्यात ती शिडावर परत नेण्याचा हट्ट धरला, आणि या वेळी बापाने आमच्याकडे धाव घेतली नाही. तो स्वतःच आपली बोट घेऊन त्याच्या मागे राहिला. रात्रीच्या मतलईवर थोडे थोडे कापत, दुपारी आडोशाला थांबत, त्यांना दोन रात्री लागल्या. तिसऱ्या पहाटे शीड दिसल्याचे कोणीतरी सांगताच तांडेल काठी घेऊन किनाऱ्यावर आले. होडी वाळूला टेकली. नातू ओलाचिंब होता, तळहात सोलले होते. त्याची विचारपूस, शाबासकी काही नाही. म्हाताऱ्याने विचारले ते एवढेच :

“निवतीक वारो कसो होतो?”

आणि ते दोघे तिथेच वाळूत बसून बोलू लागले.