पिंजरा, वाटी आणि साखळी

आमच्या हॉस्टेलमध्ये एखादी गोष्ट एकदा तुमच्या नावावर चिकटली की डिग्री मिळेपर्यंत सुटत नाही. कोणी एकदा चहा चांगला केला की तो जन्माचा 'चायवाला'. मी गेल्या सेमिस्टरला वर्कशॉपमध्ये बहिणीच्या पाखरांसाठी एक पिंजरा बनवला आणि तेव्हापासून मी 'पिंजरेवाला' झालो. आता रात्री साडेअकराला दारावर थाप पडते, "अबे, पुतण्यासाठी ससा घेतो आहे, पिंजरा कोणता घेऊ?" मेसमध्ये एका सरांनीही विचारलं, "आमच्याकडे मासे टिकत नाहीत रे, काय करावं?" मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, माशांचं मला काय कळणार! पण संपादक मंडळातल्या मित्राने अंकासाठी पिच्छाच पुरवला, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. म्हणजे थाप मारणारे कमी होतील.

तर मित्रांनो, सुरुवात पाखरांपासून. माझी बहीण नववीत असताना नागपूरहून 'लव्हबर्ड'ची जोडी घेऊन आली. दुकानात ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. असो. आपला हिरवा देशी पोपट मात्र घरात ठेवता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. आमच्या भागात अजूनही पडवीत टांगलेले मिठू दिसतात, ते सगळे बेकायदा आहेत हे लोकांच्या गावीही नसतं.

पाखरांबरोबर दुकानदाराने एक गोल, घुमटासारखा, गुलाबी रंगाचा पिंजरा दिला होता. दिसायला झकास! आत एक आरसा, एक घंटी, प्लास्टिकच्या दोन वाट्या आणि एक झोका. पाखरू मात्र त्यात पंख पसरू शकत नव्हतं. पाखरू हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उडत नाही, आडवं उडतं. म्हणून पिंजऱ्याची लांबी महत्त्वाची, उंची नव्हे. हे कळायला इंजिनीअरिंग लागत नाही, तरी मला दुसऱ्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातही हे आहेच : ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणं हा अपराध आहे. त्या हिशेबाने अर्धा बाजार आत जायला पाहिजे.

मे महिन्यात त्यातली मादी मेली. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे काय ते चंद्रपूरकरांना सांगायला नको, पारा ४५-४६ च्या पुढे जातो. पिंजरा टिनाच्या छपरीत टांगलेला, वाटीतलं पाणी दुपारी चहासारखं. बहीण दोन दिवस जेवली नाही. फोनवर मला म्हणाली, "दादा, तू इंजिनीअर होऊन राहिला ना, मग एक पिंजरा नाही बनवू शकत?"

झालं! वर्कशॉपच्या काकांना गाठलं. भंगारातली अँगल आणि बाजारातली अर्ध्या इंचाची वेल्ड मेश आणली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. जाळी अर्ध्या इंचाची का? तर आमच्याकडे साप आहेत. जाळी मोठी असली की साप आत शिरतो, पाखरू गिळतो आणि मग फुगलेल्या पोटाने बाहेर निघता येत नाही म्हणून सकाळी पिंजऱ्यातच सापडतो. शेजारच्या गल्लीत हे झालेलं आहे.

जाळी गॅल्व्हनाइज्ड होती. मी हौसेने वेल्डिंग करायला गेलो तर काकांनी हात धरला, "अरे बापा, हा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरते तुले! आधी जस्त घासून काढ, मंग मार टाका." मटेरियल सायन्समध्ये आपण जस्ताचा मुलामा गंज थांबवतो एवढंच पाठ करतो. पाखरं चोचीने जाळी धरून चढतात, मुलाम्याचे कण पोटात जातात आणि जस्ताची विषबाधा होते, हे कोणत्याच पेपरला येत नाही. म्हणून नवीन जाळी आधी व्हिनेगर आणि ब्रशने घासायची, धुवायची, उन्हात वाळवायची. स्टेनलेस स्टील सगळ्यात चांगलं, पण त्याचा भाव ऐकून मी मेसचं बिल आठवलं.

बाकी सामान फुकट झालं. बसायला दुकानातल्या गुळगुळीत दांड्यांऐवजी कडुनिंबाच्या आणि पेरूच्या फांद्या लावल्या, एक जाड, एक बारीक. दिवसभर एकाच जाडीच्या दांडीवर बसलं की पाखराचे पाय धरतात. कॅल्शियमसाठी 'कटलबोन' म्हणून शहरात जे पाकीट मिळतं, तेच आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन या नावाने मिळतं. पाण्याच्या वाट्या स्टीलच्या घेतल्या आणि त्या बसायच्या फांदीखाली नाही, बाजूला लावल्या (का, ते थोडा विचार केला की कळेल). मुंग्यांसाठी स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, ही आयडिया आजीची. ती तुपाच्या भांड्याला तसंच करते. आरसा मात्र काढून टाकला. आणि हो, पिंजरा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. नॉन-स्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पाखरं मरतात. आमच्या घरी तवा लोखंडीच आहे, पण तुमच्या घरचं पाहून घ्या.

इथपर्यंत सगळे ऐकतात. पिंजरा एवढा बारकाईने का केला, हे मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव आरमोरी तालुक्यात. घरामागे धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल. घरी मोती होता, साधा गावठी कुत्रा, तपकिरी. त्याला ना पट्टा ना साखळी. आजीने कुंभाराकडून आणलेलं मातीचं पसरट भांडं त्याच्या पाण्याचं. मला त्याची लाज वाटायची. मातीतून पाणी झिरपतं, वाफ होते आणि उरलेलं गार राहतं, हे थर्मोमध्ये शिकलो तेव्हा ते भांडं आठवलं. पण तोवर मी ते बदलून जर्मनचं भांडं ठेवलं होतं. ते उन्हात तापायचं आणि मोती त्याला तोंड लावायच्या आधी पायाने उलथून द्यायचा.

दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप आली. दिवाळीला घरी जाताना चंद्रपूरच्या गोलबाजारातून मोतीसाठी पट्टा आणि साखळी घेतली. जाड, चकचकीत, क्रोमची. एसटीत मूल, सावली, गडचिरोली करत पोचेपर्यंत तीन वेळा पिशवीतून काढून पाहिली असेल. शहरातले कुत्रे कसे रुबाबात दिसतात! मोती गाड्यांच्या मागे धावतो, शेजारचे कुरकुर करतात, हे कारण होतंच. अंगणातल्या खांबाला बांधला. आजी म्हणाली, "कायले बांधतेस रे त्याले? तो का चोर आहे?" मी हसलो.

आधीही बिबट्या गावात यायचा. मोतीला चाहूल लागली की तो तणसाच्या ढिगात मागे असा काही घुसायचा की सकाळी हाक मारल्याशिवाय निघायचा नाही. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो.

जानेवारीत बाबांचा फोन आला. "मोती गेला रे." एवढंच. बाकीचं बहिणीने सांगितलं. रात्री दोनच्या सुमाराला एकदाच ओरडला. सकाळी खांबाला साखळी तशीच होती. पट्टा तुटलेला. रक्ताचा माग बांधीपर्यंत.

साखळी कुठेच तुटली नव्हती. चांगल्या दर्जाची होती.

पुढे मी यावर वाचलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा खाद्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला. आपल्या दुर्गापूर परिसरात २०२२ मध्ये जे घडलं ते सगळ्यांना आठवत असेल. तिथे बिबट्याने माणसंही मारली. हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, कारण बिबट्या गळाच धरतो. आणि कुत्रा मोकळा ठेवतात. आपल्याकडे आपण मऊ पट्टा घालून त्याला अंगणात बांधतो आणि वर घराची राखण त्याच्याकडून करून घेतो. जंगलाजवळ राहणाऱ्यांनी कुत्र्यासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर दाराला चांगली कडी घ्यावी. रात्री त्याला आत घ्यावं. बाकी सगळं नंतर.

शाळेत असताना आमची सहल हेमलकशाला गेली होती. प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून उभ्या केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात शिकारीत आई गमावलेली पिल्लं आहेत. सुरुवात झाली ती मेलेल्या माकडिणीला बिलगलेल्या एका पिल्लापासून. तेव्हा मी बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर उभा राहून फक्त गज किती जाड आहेत ते पाहिलं होतं. मागच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. या वेळी कड्या पाहिल्या, सावली कुठून येते ते पाहिलं, पाण्याची टाकी कुठे आहे ते पाहिलं.

बाबा मला कधीच काही बोलले नाहीत. आजीही नाही. एकदाच, मी पिंजरा घेऊन घरी पोचलो तेव्हा तिने त्याच्या दाराची कडी दोनदा लावून-काढून पाहिली आणि म्हणाली, "बराबर आहे."

उरलेल्या नरासाठी नवी मादी आणली. तीन फुटांत दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत उडतात, पंखांचा आवाज पडवीत ऐकू येतो. नवीन पिल्लू आहे, शेरू. रात्री तो आजीच्या खाटेखाली झोपतो, पाणी मातीच्या भांड्यात पितो. ती साखळी फेकायला कोणी तयार नव्हतं. बाबांनी ती वाडीच्या फाटकाला बांधून टाकली. सकाळी गुरं सोडताना तिचा खळखळ आवाज झाला की शेरू खाटेखालूनच भुंकतो.