जिथे राहायचे, तिथेच शिकायचे

हार्बरची लोकल मानसरोवर स्थानकात थांबते, तेव्हा उतरणाऱ्या गर्दीत पाठीला सॅक आणि हातावर पांढरा ॲप्रन टाकलेली मुले-मुली हमखास दिसतात. स्थानकाचे नाव मानसरोवर असले तरी वस्ती कामोठ्याची. सिडकोने आखलेल्या या नोडमध्ये, सायन-पनवेल महामार्गाच्या अंगाला, १९८९ मध्ये सुरू झालेले एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. त्याच्या आधाराने आसपास एक विद्यार्थ्यांचे गाव वसले आहे. मेस, डबे पोहोचवणाऱ्या ताई, झेरॉक्सची दुकाने, रात्री उशिरापर्यंत चालणारी चहाची टपरी आणि इमारतींच्या फाटकांवर लावलेल्या ‘पीजी उपलब्ध’च्या पाट्या, असा त्या गावाचा संसार.

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षाच्या मुलाला वसतिगृहाकडून घराची उणीव भरून हवी असते : जेवण बरे असावे, रूममेट चांगला मिळावा, आईचा फोन आला की बोलायला कोपरा असावा. शेवटच्या वर्षापर्यंत ही गरज पार बदलून जाते. सकाळी वॉर्ड, मग बेडसाइड क्लिनिक, दुपारी लेक्चर आणि रात्री पुन्हा पुस्तक. सीनिअरांना खोलीत पाठ टेकण्यापुरताही वेळ नसतो आणि शिकायचे तर अजून डोंगराएवढे बाकी असते.

ते शिकणे कुठे घडते, हे पाहायचे असेल तर कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या सीनिअर वसतिगृहात व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधीच्या आठवड्यात डोकवावे. एक जण पलंगावर रुग्ण होऊन आडवा झालेला असतो. दुसरा त्याच्या पोटावर तळहात ठेवून प्लीहा चाचपतो : उजव्या बाजूला खालून सुरुवात करायची, प्रत्येक श्वासागणिक बोटे तिरकी डाव्या बरगडीकडे न्यायची. तिसरा टोकतो, “अरे, श्वास घ्यायला सांग आधी!” मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क निघतो, कंप पावणारा त्याचा पाया घोट्याच्या हाडावर टेकवला जातो, आणि कंप थांबल्याचे ‘रुग्णा’ने डोळे मिटून सांगायचे असते. खोलीत सहा जण दाटीवाटीने बसलेले, दारात आणखी दोघे उभे. इंटर्न झालेली एखादी ताई परीक्षकाच्या खुर्चीत बसते आणि गेल्या वर्षी तिला स्वतःला अडवणारे प्रश्न एकामागून एक टाकते.

हा वर्ग अस्सल आहे, पण वसतिगृहाच्या नकाशात त्याला जागा नाही. नकाशात खोल्या असतात, मेस असते, फार तर टीव्हीचा हॉल असतो. शिकवणे कॉलेजच्या इमारतीत आणि झोपणे वसतिगृहात, अशी वाटणी एकदा ठरली की मधल्या तासांचा धनी कुणीच उरत नाही. सीनिअरांच्या वसतिगृहातच चांगला वर्ग असावा, फळा असावा आणि शिक्षकांनी तिथे येऊन शिकवावे, ही मागणी आज कुणाला नवी वाटेल. आपल्या मातीत मात्र ती फार जुनी आहे.

कामोठ्याहून रेल्वेने बोरिवलीला गेले की कान्हेरीची लेणी गाठता येतात. शंभराहून अधिक लेणी, त्यांतली कित्येक भिक्षूंच्या राहण्याची : छोट्या खोल्या, झोपायला दगडी ओटा, दाराशी पाण्याचे टाके. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात दगडात कोरलेले दोन लांब, बुटके बाक सबंध दालनभर गेले आहेत, आणि त्याच दालनाच्या कडेने भिक्षूंच्या खोल्या आहेत. राहणे आणि एकत्र बसणे एकाच छताखाली. कान्हेरीच्या नवव्या शतकातल्या एका शिलालेखात विहाराची डागडुजी आणि भिक्षूंची वस्त्रे यांच्याबरोबर ग्रंथांसाठीही दान दिल्याची नोंद आहे. वसतिगृहाच्या खर्चात पुस्तकांची तरतूद तेव्हाही होती.

राहणे आणि शिकणे एकत्र आणणारा हाच विचार आधुनिक काळातही दिसतो. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथली पहिली वास्तू म्हणजे एक झोपडी. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाले की कर्वे पायी हिंगण्याची वाट धरत आणि आश्रमातल्या मुलींना शिकवत. त्या काळच्या विधवा मुलीला रोज उठून गावातल्या शाळेत जाणे जवळपास अशक्य होते, म्हणून शाळाच तिच्या राहत्या जागी आली. पार्वतीबाई आठवले आश्रमात आल्या तेव्हा अक्षरांशी ओळखही नसलेल्या विधवा होत्या. तिथेच राहून त्या शिकल्या, पुढे संस्थेचा कारभार सांभाळू लागल्या आणि संस्थेसाठी निधी गोळा करायला थेट अमेरिकेला जाऊन आल्या. कालची निवासी विद्यार्थिनी उद्याची शिक्षिका, हा क्रम हिंगण्याने घालून दिला.

भाऊराव पाटलांचे शिक्षणकार्यच मुळी वसतिगृहातून घडले, तेही एका वसतिगृहातून काढून टाकल्यावर. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही. त्या बोर्डिंगमध्ये एका पंगतीला बसणे हाच पहिला धडा होता. तिथे वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि काम करून शिकण्याची ‘कमवा आणि शिका’ योजना पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचली. पनवेलचे माजी खासदार रामशेठ ठाकूर याच योजनेतून साताऱ्यात शिकले. म्हणजे कामोठ्याच्या परिसराला ही परंपरा परकी नाही.

बाहेरच्या जगातही हा विचार टिकून आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १९३३ पासून निवासी महाविद्यालये चालवली आहेत. तिथे विद्यार्थी राहतात, जेवतात आणि त्याच आवारात काही सेमिनारही भरतात.

वसतिगृहातल्या वर्गावर एक आक्षेप मात्र खरा आहे. दिवसभर वॉर्डात उभ्या राहिलेल्या मुलाला संध्याकाळी शिक्षकांच्या नजरेपासून सुटका हवी असते. वसतिगृहातही हजेरी लागायला लागली तर ते कॉलेजचेच शेपूट होईल. म्हणून असा वर्ग ऐच्छिक हवा, त्याची वेळ विद्यार्थ्यांनी ठरवावी आणि झोपायच्या मजल्यांपासून तो लांब, तळमजल्यावर असावा. शिक्षकांनी पाहुण्यासारखे यावे, शंका सोडवाव्यात आणि निघावे. बाकी शिकवणे इंटर्न आणि शेवटच्या वर्षाची मुलेच करतील. आजही ती तेच करतात, फक्त दोन पलंगांच्या फटीत अवघडून बसून.

सर्वांत जास्त फायदा मुलींचा. पुष्कळ ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाचे फाटक लवकर बंद होते आणि मुलांना मात्र रात्री ग्रंथालयात बसता येते. हा अन्याय मुकाट्याने पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फाटकाच्या वेळा बदलायलाच हव्यात. तोवर फाटकाच्या आत फळा, चांगला उजेड आणि आठवड्यातून एकदा येणारे शिक्षक असले, तरी रात्री दहानंतरचा अभ्यास दोघांच्या वाट्याला सारखा येईल.

कामोठ्यात दोन किंवा तीन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेऊन चार-सहा विद्यार्थी राहतात, त्यांच्यासाठी तर वसतिगृहही नाही. सोसायट्यांच्या तळमजल्यावरची कार्यालये आणि सभागृहे संध्याकाळी बहुधा कुलूपबंद असतात. एखाद्या सोसायटीने त्यांपैकी एक खोली अभ्यासिका म्हणून उघडावी, भिंतीवर फळा लावावा आणि वीजबिल मुलांनी वाटून घ्यावे. शेजारच्या शाळकरी मुलांना रविवारी विज्ञान शिकवण्याच्या बोलीवर ती खोली दिली, तर सोसायटीलाही सौदा परवडेल. एमबीबीएसच्या मुलीला दहावीची जीवशास्त्राची आकृती समजावून सांगताना तिचा स्वतःचा पहिल्या वर्षाचा धडाही पक्का होईल, आणि फ्लॅटमधल्या परक्या पोरांना इमारतीत नावाने ओळखणारी माणसे मिळतील.