फळीचं गोत्र

रशियन खेड्यातल्या जुन्या लाकडी घरात, इज्बात, ओंडक्यांच्या भिंती चढतानाच त्यांना लगटून रुंद फळ्या कायमच्या बसवत. त्यांवर पोरं झोपत, बायका सूत कातत, मानाचा पाहुणा सरकत सरकत संतांच्या तसबिरी असलेल्या कोपऱ्याशी जाऊन बसे, पिढ्यांच्या बसण्या-उठण्यानं फळीची कड गोलसर, काळपट, तुळतुळीत होई, आणि घरातलं कुणी गेलं की त्यालाही तिथंच, तसबिरींखाली निजवत. लाव्का म्हणत तिला.

लिथुआनियात तिची बहीण ‘लोवा’ म्हणजे पलंग. लाट्वियात ‘लावा’ हा वाफेच्या न्हाणीघरातला फळ्यांचा ओटा. त्या उबदार, ओल्या काळोखात पूर्वी बायका बाळंत होत. पोलिश तोंडात ‘ल’ पार विरघळला, ‘वावा’ झाला, आणि त्या बाकावर न्यायालयातले पंच बसले. रशियात फळीवर माल मांडला गेला, तर दुकानालाच लाव्का म्हणू लागले. कूस बदलावी तसा अर्थ बदलला, फळी तीच.

या साऱ्या बहिणींची आई कुणी पाहिलेली नाही. अभ्यासक तिचं ‘लावा’सारखं रूप मांडतात आणि आधी एक तारका काढतात: हे कुठं लिहिलेलं सापडलं नाही, अंदाजानं उभं केलं आहे. ही खूण रूढ करणारा आउगुस्ट श्लायशर १८५२ साली प्रशियातल्या लिथुआनियन शेतकऱ्यांत जाऊन त्यांची भाषा शिकला. न ऐकलेल्या शब्दांसाठी त्यानं आधी जिवंत माणसांना कान दिला, हे मला फार आवडतं.

आणखी मागं गेलं की काहीजण ‘कापणे’ या अर्थाच्या धातूपाशी पोचतात. संस्कृतात तो ‘लू’. त्याचं लवित्र, म्हणजे विळा. त्याचाच ‘लव’, कापून निघालेला कण, आपल्या ‘लवलेश’मध्ये अजून शिल्लक आहे. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. मला पटते, आणि त्यात शास्त्रापेक्षा हावच जास्त असेल. पण करवत खेड्यात पोचण्याआधी ओंडक्यात पाचरी ठोकत, तो कण्हत उभा फाटे, मग कुऱ्हाडीनं तासत, ढलप्या उडत, ताज्या चिरेतून डिंक पाझरून बोटांना चिकटे. एवढं झाल्यावर कुठं बसायला जागा होई.