पद्मकाचा मांडव

पद्मकाष्ठ हे नाव आपल्या पिढीतील पुष्कळांनी काढ्याच्या निमित्तानेच ऐकले असेल. अंगात ताप आणि दाह असला, की गुळवेल, धने, कडुनिंब व रक्तचंदन यांच्या जोडीला पद्मकाचा तुकडा कुटून घालावयाचा, हा आमच्या इंदूरच्या घरातला जुना परिपाठ. चरकसंहितेने वर्ण उजळवणाऱ्या आणि वेदना शमवणाऱ्या अशा दोन्ही गणांत पद्मकाला स्थान दिले आहे. परंतु हे लाकूड ज्या झाडाचे, ते कसे दिसते, हे घरात कोणीच पाहिलेले नव्हते.

मला ते दिसले लेकीच्या लग्नात. तिचे सासर अल्मोड्याच्या पंतांकडले. आपले पूर्वज कोकणातून आले, असे हे घराणे परंपरेने सांगते. बोली मात्र कुमाउनी. लग्न तिकडेच ठरले होते. मार्गशीर्षातले दिवस, भोवतालची कित्येक झाडे पाने गाळून उभी, आणि त्यांत एकच झाड फिकट गुलाबी फुलांनी डवरलेले! विहीणबाई म्हणाल्या, “हा आमचा पय्यां.” वैद्यकातील त्याचे नाव पद्मक, ही पुस्ती व्याह्यांनी जोडली.

रानचेरीचा हा वृक्ष गुलाबाच्या कुळातला. हिमालयात साधारण १२०० ते २४०० मीटर उंचीवर तो वाढतो. साल चकचकीत, आडव्या वलयांची. फुलांचा दुष्काळ असताना तो फुलतो, म्हणून मधमाश्यांना त्याचा मोठा आधार. फळे पाखरे खातात व बिया दूरवर नेतात. लाकडाच्या हातकाठ्या होतात. बागेतल्या गोड चेरीची कलमे त्याच्या रोपांवर बांधतात. तिकडे त्याला देववृक्ष मानतात. मुंजीला, लग्नाला त्याच्या डहाळ्या लागतात. पण उभ्या झाडावर कुऱ्हाड चालवण्यास सहसा कोणी धजत नाही.

मांडवाच्या खांबांना त्याच डहाळ्या बांधल्या जात होत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आपल्याकडचे आंब्याचे टहाळे होते, आणि मनात एकच प्रश्न होता : लेकीची मराठी इथे किती दिवस टिकेल? पंतांच्या घरात ती टिकली नव्हती, हे तर मी ऐकतच होते. तरीही त्या घरात उपरेपणाची खूण कुठेच दिसेना. ज्या डोंगराने आसरा दिला, त्याचे झाड त्यांनी आपल्या मंगलकार्यात घेतले होते. माळव्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपणांस हे निराळे सांगावयास नको. परक्या मुलखाचे होणे म्हणजे नुसते आपले जपणे नव्हे, तिथले स्वीकारणेही आहे.

आज लेकीच्या अंगणात पय्यां फुलतो. आपल्या मुलाला ती त्याचे नाव सांगते, तेव्हा दोन्ही सांगते : पय्यां आणि पद्मक. माझ्या प्रश्नाला एवढे उत्तर मला पुरते.