निको आणि व्हिटो

'माफिया २' हा व्हिडिओ गेम संपवला, पण झोप लागेना. मनात सारखा 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'मधला निको येतोय. निको नि 'माफिया २'चा नायक व्हिटो, दोघंही युद्ध पाहिलेले, दोघंही गुन्हेगारीत रुतलेले. निकोच्या साथीदारांचा घात करणारा डार्को समोर येतो, तेव्हा मारायचं की सोडायचं हे गेम माझ्यावर सोपवतो. मी मारलं, सूड उगवूनही निको आतून पोकळच राहिला. हे फार खरं वाटलं. व्हिटोला मात्र शेवटी निवडच नाही. जिवलग जोची गाडी दुसऱ्या रस्त्याला वळते आणि आपण नुसतं बघायचं! निकोच्या लिबर्टी सिटीत भटकायला कितीतरी जास्त आहे, हे मान्य. तरीही कथा म्हणून मला व्हिटोचीच जवळची. तिथे निकोच्या गेमसारखं मध्येच बोलिंगचं आमंत्रण येऊन पकड सुटत नाही.