पनवेलचा मुक्काम

चिपळूणहून खालाचा फोन आला. "अरे, तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ रात्री दहा आणि जिद्दाला पोहोचायची एक. तीनच तासांचा तर प्रवास! त्याच दिवशी दुपारी निघाले तर चालेल ना?"

मी म्हटलं, "खाला, आदल्या दिवशीच पनवेलला या."

मुंबई ते जिद्दा हे हवाई अंतर सुमारे 3500 किलोमीटर. विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून तिकिटावर तीनच तास दिसतात. पण मुसाफिराला दमवते ती जमीन. चिपळूण ते पनवेल 200 किलोमीटरच्या आसपास; माणगावला गाड्या अडकल्या की तिथेच साडेपाच तास जातात. पुढे वाशीचा पूल ओलांडून सहारचा विमानतळ चाळीसेक किलोमीटर. शिवाय तीन तास आधी हजर राहायचे. हा हिशोब चुकल्याने आमच्या एका चुलतभावाचे विमान सुटले होते. नवी नोकरी, नवा व्हिसा, आणि तो वडखळच्या रांगेत!

म्हणून पनवेलच्या आमच्या घरात एक खाट पाहुण्यांसाठी कायम असते. गोव्याचा महामार्ग इथूनच कोकणात उतरतो. आखातात जाणारा आणि तिथून येणारा नातेवाईक एक रात्र इथे काढतोच.

दादांच्या काळी हज जहाजाने व्हायचा. मुंबईच्या बंदरातून निघाल्यावर आठवडा-दहा दिवस पाणीच पाणी. 1995 नंतर ती जहाजे बंद झाली. निघण्यापूर्वी घरोघरी जाऊन माफी मागायला मात्र तेव्हा सवड असे.

आता पनवेलच्या दाराशीच नवी मुंबईचा विमानतळ आला आहे. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, दहा गावे उठली. आपले अंतर कमी झाले ते त्यांच्या अंगणावरून, हे विसरू नये. आणि आता विमानतळ दोन झालेत. तिकिटावर बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई, हे घरातून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

खाला आदल्या संध्याकाळी पोहोचल्या. रात्री नीट झोपल्या. दुसऱ्या दिवशी असरनंतर निघताना मी आठवण केली, "जिद्दाला उतरण्याआधीच मीकात येते. एहरामची नियत विमानातच करा, झोपून राहू नका."

त्या हसल्या. मग आमच्या धाकट्या सुनेचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काही बोलले असेन तर माफ कर, बेटी."

फोनवर हे राहून गेले असते. एका रात्रीच्या मुक्कामाने तेवढी सवड दिली. अल्लाह त्यांचा उमरा कबूल करो.