मरियामातेचा पदर

शेंद्र्याहून बस पकडून रविवारी चर्चच्या चित्रकला शिबिराला गेलो. खरं सांगतो, आईच्या धाकाने! इंजिनिअरिंगला आल्यापासून प्रार्थना नुसती ओठांवर उरली होती.

ताईंनी कागद, पोस्टर कलर दिले. "मनातली मरियामाता काढा." ईडीत मार्क बरे, पण इथे टी-स्क्वेअर काय कामाचा? कॅलेंडरवरचीच उतरली... गोरीपान, निळा झगा.

मग ताईंनी अँजेलो द फोन्सेकांच्या चित्रांचे प्रिंट दाखवले. १९०२ साली गोव्यात जन्म, शांतिनिकेतनात शिक्षण. त्यांची मरिया साडी नेसलेली! गोव्यातल्या चर्चवाल्यांना तेव्हा ते रुचलं नाही. १९६७ साली वारले. त्याआधी कित्येक वर्षं पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी अशीच चित्रं काढली.

दुसरा कागद घेतला. डोक्यावरचा पदर काढताना आजी आठवली. भाकरी थापताना पदर घसरतो, ती मनगटानेच सावरते. तसा काढत गेलो नि चेहराही तिचाच झाला. जेवायची सुट्टी झाली तरी उठलो नाही.

घरी आजी भडकली, "मरियामाता कुठं अन् मी कुठं! फाड ते."

फाडलं नाही. ड्रॉईंग बोर्डामागे ठेवलंय. पदराची घडी अजून चुकलेलीच आहे.